भागवतचा पहारा

सप्ताहातलं खरं अवघड काम म्हणजे वीणा खाली टेकू न देणं. मांडव घालायला, पंगत वाढायला, कीर्तनकाराच्या मागं टाळ घेऊन उभं राहायला माणसं हौसेनं येतात. पण उन्हं डोक्यावर आलेली, मांडवात एक कुत्रं तेवढं झोपलेलं, अशा वेळी गळ्यात वीणा अडकवून नाम घेत उभं राहायचं, आणि आपली पाळी संपली तरी पुढचा आल्याशिवाय जागा सोडायची नाही, याला भाव लागतो. या पाळीला पहारा म्हणतात.

पाथर्डीकडच्या डोंगरात, बोरदरा वस्तीवर, पहारे लावून द्यायचं काम हनुमंत दहिफळे यांच्याकडे होतं. वस्ती त्यांना आबा म्हणायची. कुणाचे गुडघे धरलेले, कुणाची म्हैस व्यायला झालेली, कुणी ऐनवेळी सोयरिकीला गेलेला, आबा सगळं धरून चालायचे. ज्याचा पहारा तोच हजर नसला तर त्याचा भाऊ उभा राहायचा, भाऊ नसला तर शेजारी, शेजारीही नसला तर त्याची म्हातारी आई. पहारा ज्याच्या नावाचा, पुण्य त्याचं. काल्याच्या दिवशी नारळही त्यालाच, उभं राहिलेल्याला खडीसाखर. यात कुणाला कधी खोटं वाटलं नाही, कारण त्यात खोटं काही नव्हतंच. नाम चालू राहिलं, वीणा टेकली नाही, झालं. बोरदऱ्याचा पहारा आजवर मोडलेला नाही, हे आबा प्रत्येक कीर्तनकाराला जेवायला वाढताना सांगायचे, आणि सांगताना दरवेळी ताटात एक पोळी जास्त पडायची.

मारुतीच्या देवळाला लागूनच जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, पहिली ते चौथी, आणि चारही वर्गांना मिळून भार्गवी बाई एकट्या. सप्ताहाचा मांडव शाळेच्या मैदानात, भट्ट्या शाळेच्या पडवीत, आणि शाळेतल्या सतरंज्या सप्ताहाच्या. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्षही आबाच. सप्ताह सांभाळतो तो माणूस शाळाही सांभाळील, असं वस्तीने ठरवलं होतं, आणि त्यावर कुणी फार विचार केला नव्हता.

भार्गवी बाई नगरच्या. वडील कचेरीत कारकून होते, घरात चार पिढ्या लिहिण्यावाचण्यातल्या. पहिल्या वर्षी त्या स्कूटी घेऊन डोंगर चढून आल्या तेव्हा वस्तीवरची म्हातारी रंगुबाई म्हणाली होती, "ही बया पाऊस पडंस्तोवर टिकंल." बाई टिकल्या. पोरांना पाढे पाठ होईनात तेव्हा त्यांनी देवळातले टाळ आणले, आणि पाढे भजनाच्या चालीवर घेतले. सप्ताहात एका दुपारचा पहारा त्या मागून घ्यायच्या. डोळे मिटून उभ्या राहायच्या तेव्हा मांडवाबाहेर पोरं गप्प बसायची. आपली बाई देवाशी बोलतीय, मध्ये बोलायचं नाही, असं त्यांनी आपसांत ठरवलं होतं.

वस्तीवरची बरीचशी माणसं दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोडीला जातात, खाली प्रवरेकाठी कोल्हारच्या अंगाला. आबांचा मुलगा श्रीमंत आणि सून सविता दरवर्षी जायची. त्यांची मोनिका चौथीत होती. ती आबांपाशी आणि आजीपाशी, कडूबाईपाशी राहायची, पण ते राहणं सहज नव्हतं. सविताच्या पोटी दीड वर्षामागं मुलगा झाला होता, आणि उसाच्या फडात त्याला सांभाळायला मोनिकाशिवाय माणूस नव्हतं.

"पाचटावर झोपवून तोडनीला लागते मी," ती सासऱ्याला म्हणाली होती. "गेल्या साली शेजारच्या कोपीतलं लेकरू ट्रॉलीमागं खेळत हुतं. ट्रॉली मागं आली. मी बघितलंय, आबा. मला तवापसनं झोप न्हाई."

"पोरीची शाळा हाय, सविता."

"म्हनून तर ठिवते. शाळा दारात हाय तवर ठिवते. शाळा लांब गेली की मी तिला घेऊन जानार. आत्याबाईंनी का वड्यातनं तिच्यामागं पळायचं व्हय?"

कडूबाई चुलीपुढून म्हणाली, "मी पळंन की."

"तुमी मोरीपत्तूर जाता तर दोनदा बसता," सविता म्हणाली, आणि तिघंही हसली. पण शब्द ठरून गेला. शाळा दारात आहे तोवर मोनिका शाळेत.

यंदा मुकादमाचे ट्रॅक्टर दिवाळीच्या आधीच आले. कारखाने लवकर पेटणार होते. पोरं मागं ठेवायला हंगामी वसतिगृह असतं, म्हणजे वस्तीवरच कुणाच्या तरी घरी त्यांच्या जेवणाची सोय सरकार लावून देतं. त्याची मंजुरी यायची होती. ती येईपर्यंत आईबाप थांबले नाहीत, त्यांना थांबता येत नव्हतं. ट्रॅक्टर निघाले तेव्हा भांडी, कोंबड्या आणि शाळेतली निम्म्याहून जास्त पोरं ट्रॉलीत होती. भागवत नावाचा दुसरीतला मुलगा गणवेशातच चढला. त्याला दुसरा धड सदरा नव्हता.

मग बाईंनी समितीची बैठक घेतली. मैदानातच, लिंबाखाली.

"ज्या शाळांचा पट कमी आहे त्या खालच्या गावातल्या मोठ्या शाळेत मिसळायच्या असं ठरतंय," बाई म्हणाल्या. "तिथं प्रत्येक वर्गाला वेगळा शिक्षक, खेळायला मोठं मैदान, संगणक. गाडी सोडू म्हणतात. पुढच्या शनिवारी साहेब येऊन मुलं बघणार आहेत."

"गाडी वड्यातनं कशी यनार?" कुणीतरी विचारलं.

"डांबरीपर्यंत येईल."

"आन डांबरीपत्तूर?"

बाईंनी ओढ्याच्या बाजूला पाहिलं. बसलेल्या सगळ्यांना तो ओढा माहीत होता. डोंगर उतरून ओढा, ओढ्यापलीकडे बाभळीचं रान, त्यानंतर डांबरी.

"आपण खरं ते सांगू," बाई म्हणाल्या. "मुलं ऊसतोडीला गेलीत, मार्च-एप्रिलात परत येतील. स्थलांतरित मुलांची नावं काढायची नाहीत, ती पटावर धरायची, असा नियमच आहे. मी साहेबांना सगळं समजावून सांगेन."

आबांनी मान डोलावली. पण त्यांना ते पटलं नव्हतं. नियम आहे म्हणून काही मिळालंय, असं त्यांच्या आयुष्यात फारसं झालं नव्हतं. वसतिगृहाचाही नियम होताच की. साहेब येणार, रिकाम्या सतरंज्या बघणार, निघून जाणार. माणसाला दिसतं तेच खरं वाटतं. घरी जाताना मोनिका त्यांच्या पुढं पुढं उड्या मारत चालली होती, सतराचा पाढा चालीवर म्हणत, आणि आबांच्या डोक्यात रिकाम्या सतरंज्या होत्या.

त्यांना जे सुचलं ते दुसऱ्या कुठल्या गावात कुणाला सुचलं नसतं.

शनिवारी सकाळची शाळा. खालच्या गावातल्या इंग्लिश शाळेला शनिवारी सुट्टी. त्या शाळेच्या पिवळ्या गाडीने जाणारी चार-सहा पोरं आसपासच्या वस्त्यांवर होती. अंगणवाडीतली होती. पाहुणी आलेली होती. आबा दारोदार फिरले, जसे सप्ताहाआधी फिरतात तसेच. कुणाकडूनही त्यांनी खोटं बोलायला मागितलं नाही. ते एवढंच म्हणाले, "पहारा द्यायचाय. शाळा मोडता कामा नये."

आणि माणसांना ते लगेच कळलं. किराणा दुकानदाराने आपली यामिनी दिली, वर म्हणाला, "हिला गप बसायचं तेवढं जमत न्हाई, बाकी हुशार हाय."

रंगुबाई ओट्यावर बसली होती. "आबा, मला बी बसवा की पहिलीत."

"तुला बसवलं तर साहेब पट सोडून वयच मोजीत बसंल, रंगुबाई."

"मोजू द्या. मला बी कळंल कितीये ते."

शनिवारी सकाळी बाईंचा फोन आला की त्या खालच्या गावात साहेबांना घ्यायला थांबल्यात, रस्ता त्यांना माहीत नाही, तोवर मुलांना बसवून ठेवा. आबांनी मुलांना बसवून ठेवलं. गेलेल्या प्रत्येकाच्या जागी एक. ज्याच्या जागी बसवलं त्याचं नाव त्यांनी प्रत्येकाच्या कानात सांगितलं. "आज तुझ्याकडं ह्याचा पहारा. नाव घेतलं की हजर म्हनायचं. काल्यासारखंच हाय. नारळ त्याला, खडीसाखर तुला."

पोरांना काही अवघड गेलं नाही. सप्ताहात त्यांनी हे पाहिलेलं होतं. मोनिका पहिल्या रांगेत, आपल्याच नावाने. तिला सगळ्यात आनंद झाला होता. ट्रॅक्टर गेल्यापासून वर्ग एवढा भरलेला तिने पाहिला नव्हता.

गाडी ओढ्यात दोनदा अडकली आणि साहेब पायीच वर आले. विस्तार अधिकारी, नाव नृसिंह कुलथे. पन्नाशीचा माणूस, बुटांना चिखल, गळ्यात तुळशीची माळ. ती माळ पाहून आबांना बरं वाटलं. त्यांच्याबरोबर एक कारकून होता, त्याने दारातूनच मोबाईलवर वर्गाचा फोटो काढला आणि पाठवून दिला. आता असं असतं, फोटो लगेच वर जातो, ठिकाणासकट.

भार्गवी बाई साहेबांच्या मागून आत आल्या. भरलेला वर्ग त्यांना दिसला. त्यांनी आबांकडे पाहिलं. आबा देवळात नवस फेडून आलेल्या माणसासारखे उभे होते, हात जोडून.

"मुलं बरीच आहेत की," साहेब म्हणाले. "तुम्ही तर वाटेत म्हणत होतात की बरीच गेलीत. घ्या, हजेरी घ्या."

बाईंनी हजेरीपट उघडला. पहिली दोन नावं मोनिका आणि तिच्या मैत्रिणीची होती, ती खरी होती. तिसरं गेलेल्या मुलाचं. बाई थांबल्या. मग त्यांनी ते घेतलं. "हजर," असा नाजूक आवाज आला. त्यांनी पुढचं घेतलं. पुन्हा "हजर." बाईंचा आवाज हळूहळू खाली जात होता, पण त्या थांबल्या नाहीत. त्या का थांबल्या नाहीत याचं उत्तर त्यांना पुढे पुष्कळ ठिकाणी द्यावं लागलं, आणि कुठंच नीट देता आलं नाही.

"भागवत."

"हजर!" यामिनी जोरात म्हणाली. दोन वेण्या, लाल रिबिनी.

साहेब हसले. "भागवत? तू?"

"न्हाई. मी यामिनी."

"मग भागवत कुठंय?"

"उसाला गेलाय. आज त्याचा पहारा माझ्याकडं हाय." आपण नीट सांगितलं का हे बघायला तिने आबांकडे वळून पाहिलं. "नारळ त्याचा हाय. मला खडीसाखर."

वर्गात कुणी हसलं नाही. पोरांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं, आणि मोठ्यांना हसता येत नव्हतं.

साहेब खुर्चीवर बसले. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग ते आबांना म्हणाले, "जरा बाहेर या."

लिंबाखाली आबांनी त्यांचे पाय धरायला वाकायचा प्रयत्न केला. साहेबांनी त्यांना खांद्याला धरून उभं केलं.

"आमच्याकडं मार्गशीर्षात सप्ताह असतो," साहेब म्हणाले. "मी सकाळचा पहारा घेतो. तुम्ही काय केलंत ते मला कळलं, आबा. त्या कारकुनाला नाही कळणार, पण मला कळलं."

"मग साहेब..."

"ऐका. बाईंनी मला येताना सगळं सांगितलं होतं. कोण कुठल्या कारखान्याला गेलंय, कोण कधी परत येणार. मी ती मुलं पटावर धरणार होतो. तशी सोय आहे. मी लिहिणार होतो की हंगाम संपेपर्यंत या शाळेला हात लावू नये."

आबांचे जोडलेले हात खाली आले.

"खरं तर मला वाटतं मोठी शाळा चांगली," साहेब म्हणाले. "चार वर्गांना एक बाई, हे काही खरं नाही. पण तुमच्या ओढ्यातून मी आज चालून आलो. म्हणून धरणार होतो. आता कसं धरू? आता मी लिहिलं की एवढी मुलं उसाला गेलीत, तर वरचे म्हणतील, ती तरी खरी कशावरून? ती पण कुणाच्या जागची असतील. फोटो गेलाय. फोटोतली मुलं कोण, ते मला सांगावं लागेल."

"बाईंचा काय दोष न्हाई. मी केलं. माझ्या नावानं लिव्हा."

"लिहितो. पण शाळा तुमच्या नावावर नाही, आबा. हजेरी बाईंनी घेतली."

कीर्तनात ऐकतो आपण, भोळ्या भक्ताची चूक देव पोटात घालतो, त्याच्या जागी स्वतः उभा राहतो. आबांनी असं कीर्तन शंभर वेळा ऐकलं असेल, आणि ऐकताना रडले असतील. त्या दिवशी ते लिंबाखाली उभे होते आणि त्यांच्या जागी उभं राहायला कुणी आलं नाही. आलं असेल तर त्या भार्गवी बाईच. पण त्यांनी ते मागून घेतलं नव्हतं.

पंधरवड्यात बाईंना निलंबनाचा आदेश आला. बोगस पट दाखवला असा ठपका. एका बातमीत वस्तीचं नावही छापून आलं. बाई शेवटच्या दिवशी सामान न्यायला आल्या. सामान फारसं नव्हतंच, खडूंचा डबा, एक शाल, पाण्याची बाटली. कडूबाईने त्यांच्या ओटीत तांदूळ घातले आणि रडू लागली. आबा देवळाच्या पायरीवर बसून होते. बाई त्यांच्याजवळ आल्या.

"मला विचारलं का नाहीत, आबा?"

"तुमी न्हाई म्हनला असता."

"हो. म्हटलं असतं."

"तेच तर."

बाई म्हणाल्या, "माझे वडील काय म्हणाले माहितीये? आपल्या घरात चार पिढ्यांत असं कुणी केलं नव्हतं म्हणाले. मी त्यांना सांगितलं, मीही नाही केलं. ते म्हणाले, नावं तू वाचलीस ना?" त्यांनी शाल पिशवीत कोंबली. "मला तिसऱ्या नावाला थांबता आलं असतं. वाटलं, तुम्ही उघडे पडाल."

"बाई, मला माफी..."

"आत्ता नको, आबा," बाई म्हणाल्या. "आत्ता मला नाही जमणार." आणि स्कूटी ढकलत उताराला लागल्या. ओढ्यापर्यंत त्या गाडी सुरू करत नसत, दगड फार होते.

शाळा खालच्या गावातल्या शाळेत मिसळली. आबा मोनिकाला घेऊन रोज ओढा उतरू लागले. डांबरीवर गाडी यायची, कधी नाही यायची. नाही आली की ते पुढेही चालत जायचे, आणि शाळा सुटेपर्यंत तिथल्या पाराजवळ बसून राहायचे, कारण परत जाऊन परत यायला गुडघे तयार नव्हते. मोनिकाला नवी शाळा आवडली होती, तिथे खरंच संगणक होता. एकदा ती त्यावर बोट ठेवून आली आणि दिवसभर त्या बोटाला कुणाला हात लावू देईना. पण तिथल्या सरांनी आबांना सांगितलं, "हिचं नाव अजून आमच्याकडं आलेलं नाही. जुन्या शाळेचा हिशोब चौकशीत अडकलाय, संगणकावर ती बंद करून ठेवलीय. तिथून नाव सुटलं की इथं चढेल."

"कधी सुटंल?"

"चौकशी संपली की."

एक दिवस ओढ्यात आबांचा पाय घसरला. फार लागलं नाही, पण मोनिकाने घाबरून दोन्ही हातांनी त्यांचा सदरा धरला आणि ती ओरडली, तेव्हा वरच्या रानातली माणसं धावत आली. ही गोष्ट फोनवरून सविताला कळली. ती आठवड्याच्या आत जीपने आली.

"म्हनलं हुतं का न्हाई मी?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "शाळा लांब गेली. आता चल."

आबांनी तिला अडवलं नाही. अडवायचं तोंड त्यांना राहिलं नव्हतं. त्यांनी फक्त म्हटलं, "मी बी येतो. बाळाला मी बघीन. तिथं जवळ शाळा आसंल तर पोरगी तिथं बसंल."

सविताने त्यांच्याकडे पाहिलं. वस्तीवर उभं आयुष्य काढलेला, मांडव कधी न सोडलेला हा माणूस. "फडात?" ती म्हणाली. "कोपीत झोपनार तुमी?"

"झोपीन की."

कडूबाई घर राखायला वस्तीवरच राहिली. कोल्हारच्या अलीकडे पाटाच्या कडेला कोप्या होत्या, उसाच्या पाचटाच्या झोपड्या. हिरवागार मुलूख, जिकडे पाहावं तिकडे पाणी आणि ऊस. आबा दिवसभर बाळाला मांडीवर घेऊन बसायचे. जवळच एक शाळा होती. तिथल्या मुख्याध्यापिका अंबिका बाई, पिकलेल्या केसांच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी मोनिकाचं नाव घालून पाहिलं, दोनदा, तीनदा.

"चढत नाही हो," त्या म्हणाल्या. "जुनी शाळा हिला सोडत नाही, आणि जुनी शाळा तर बंद. असू दे. बसू दे तिला. पुस्तक देते. हजेरीत मात्र घेता येणार नाही, आणि खिचडीचाही हिशोब असतो, पण ते मी बघते."

मोनिका जाऊ लागली. संध्याकाळी आबा विचारायचे, "काय शिकवलं?" ती सांगायची. एकदा ती म्हणाली, "आबा, सगळ्यांची नावं घेतात. माझ्यापाशी आल्यावर पुढं जातात."

"बाई इसरल्या आसतील."

"न्हाई. त्या माझ्याकडं बघतात आन मग पुढं जातात."



महिनाभराने फड हलला. कारखान्याने पलीकडच्या गावातला ऊस धरला, कोप्या मोडल्या, ट्रॉलीत घातल्या, नदीपलीकडे पुन्हा उभ्या केल्या. तिथली शाळा लांब होती, रस्त्यावर दिवसभर उसाच्या गाड्या. आबा एक दिवस जाऊन आले. तिथल्या गुरुजींनी सगळं पुन्हा विचारलं, जुनी शाळा कोणती, नाव कुठं आहे, दाखला कुठंय. "घेऊन या, बसवू," म्हणाले. त्याच आठवड्यात आबांना ताप भरला, आणि बाळ मोनिकाकडे आलं. दोन दिवस, मग चार दिवस. ताप उतरला तरी आबांच्याने उठवेना.

सविता फडातून आली, हात उसाच्या पात्यांनी कापलेले. तिने पाणी प्यायलं आणि सासऱ्याजवळ बसली.

"आबा, त्या कोल्हारकडच्या शाळेतनं कुनी इचारलं का? का आता कुनी यतंय का इचारायला, पोरगी कुठंय म्हनून?"

"न्हाई."

"भागवतची आई सांगत हुती, त्याला बी कुनी इचारलं न्हाई. तो आता उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधतो. चांगलं बांधतो म्हनं." यात टोमणा नव्हता, ती खरंच थकली होती. "मग ऱ्हाऊ द्या हिला. बाळाचं तरी बघंल. पुढच्या साली बघू."

मोनिका कोपीच्या दारात होती, बाळ कडेवर. तिने ऐकलं होतं. ती आत आली आणि आबांच्या उशाशी बसली. तापाने त्यांचे डोळे खोल गेले होते.

"आबा, आपल्या बाई परत यतील का?"

'यतील की,' कुठल्याही आजोबाच्या ओठावर आलं असतं तेच त्यांच्या ओठावर आलं. त्यांनी ते तिथंच धरलं.

"मला ठाव न्हाई, बाळा. माझ्यामुळं गेल्या त्या."

"आन शाळा?"

"ती बी."

बाळ किरकिरलं. मोनिकाने त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं, उठली आणि पाटाच्या कडेनं, ट्रॉल्यांपासून लांब, सावली होती तिकडं चालू लागली.